मधली चार मिनिटं

१४ मार्च, रविवार सकाळ

चिरंजीव भावजी,

आशीर्वाद. बहात्तर वर्षांच्या दिराला मी चिरंजीव म्हटलं म्हणून सूनबाईला हसू आलं. बोलते मी, लिहिते ती. अक्षर चांगलं दिसलं तर श्रेय तिचं. आम्ही ठीक आहोत. गुडघे कुरकुरतात, पण तुमच्या बँडइतके नाहीत.

सोळा वर्षांनी अल्बम काढताय आणि पाच महिने एका गाण्यावर अडलात! तेही तेवीस मिनिटांचं. तुमचं प्रोग्रेसिव्ह रॉक मला कधी झेपलं नाही. मी कपडे धुऊन, पिळून, वाळत घालून यायची, तरी मागच्या खोलीत पहिलंच गाणं चालू. "अहो, आता तरी संपवा!" म्हटलं, की तुमचे दादा ड्रमवरूनच ओरडायचे, "अगं, आत्ता कुठे सुरू झालंय!"

त्या गाण्यातली मधली चार मिनिटं तुम्ही दादांसाठी रिकामी ठेवलीत. जाण्याआधी घरी एकट्याने वाजवून त्यांनी टेप केलेला तुकडा तिथे बसवायचा. दर आठवड्याला तुमचा फोन, "वहिनी, कॅसेट सापडली?" मी म्हणते, "शोधतेय." परवा म्हणालात, गायकाचा घसा बसत चाललाय, वरचा सूर आणखी महिनाभर लागला तर नशीब.

"आई, सांगून टाका," सूनबाई म्हणते. हिला काय जातंय!

माळा पालथा घातला, असं मी म्हणाले ना? शिडीसुद्धा लावली नाही. कॅसेट माझ्या कपाटात आहे.

मी बहिणीला पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायची, तुम्ही चेष्टा करायचात, आठवतंय? मला ओळखता यावी म्हणून तुमचे दादा भरलेल्या कॅसेटला लाल दोरा बांधायचे. या एकीला नाही बांधला. वर नाव लिहून ठेवलं. नाव! वाचता न येणाऱ्या माझ्यासाठी! ते गेल्यावर मी कोरी समजून घेतली आणि बहिणीशी बोलत बसले. तुमच्याबद्दलच. भाऊ गेला तरी दोन महिने फिरकला नाही, दगड आहे मेला, असं बरंच. मग पाठवायची राहून गेली.

तुम्ही मागितलीत तेव्हा सूनबाईने नाव वाचलं, कॅसेट लावली, आणि ड्रमच्या जागी मी. माझी बडबड संपल्यावर त्यांचा शेवटचा एक ठोका उरलाय. एका ठोक्याचं तुम्ही काय करणार?

इतकी वर्षं ऐकलाय, म्हणून तो तुकडा टेबलावर बोटांनी वाजवून बघितला. सातव्या ठोक्यापुढे दर वेळी हरवते. शेवटी चिडून टेबल बडवलं, तेवढं तालात झालं म्हणे.

बाकीच्या गाण्यांत जी बाई ड्रम वाजवतेय, तिलाच तिथे बसवा. वहिनीला वाईट वाटेल म्हणून तुम्ही तिला सांगत नाही, कळतं मला. वाटेलच. ऐकताना तोंड वाकडं करीन, तिला नावं ठेवीन. तरी बसवा, याच आठवड्यात, गायकाचा घसा आहे तोवर. माझ्यावर चिडायचं ते अल्बम झाल्यावर चिडा.

आणि मी तुम्हाला दगड म्हणाले होते, ते अजून मागे घेतलेलं नाही. त्यावर येऊन भांडा.

एवढं सांगूनही तुमच्या फोनला घाबरणारी,
वहिनी