कुरकुंभच्या थांब्यावरचा फ्लेक्स

तार्तू, एस्टोनिया

आप्पा, तुम्हाला आन् आईला इथल्या थंडीतून गौतमीचा जय भीम.

मी बरी हाय. खोली उबदार हाय, भात रोज शिजवते. आईला एवढंच वाचून दाखवा.

फोनवर सांगितलं असतं, पण सतीशदादा फोन स्पीकरवर टाकतो आन् सगळी आळी ऐकत बसते. त्यानं कुरकुंभला तुमच्या कंपनीच्या बसथांब्यावर माझा फ्लेक्स लावलाय : ‘गुरुत्वाकर्षणाचं कोडं सोडवणारी दौंडची कन्या’. पाळीला जाताना तुम्ही मुद्दाम त्याच्याखाली उभे राहता म्हणे.

गुरुत्वाकर्षणाचा नियम थोडा बदलला तर तारा कसा असेल, याचं नेमकं उत्तर मी काढलं होतं. ते चुकलं न्हाई, आप्पा. माझ्या पीएचडीच्या सरांनी स्वतः तपासलं. पण त्या ताऱ्याला जरासा धक्का दिला की गणितातच तो कोसळतो. म्हंजी असा तारा आभाळात टिकायचाच न्हाई. सगळं पुन्हा पहिल्यापासून. तवापासून सर माझ्याशी फार गोड बोलतात, त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमचा खोकला कमी हाय का? कंपनीत मास्क लावता ना? का नुसता गळ्यात अडकवता?

दादाला म्हणावं, फ्लेक्स उतरव. फाडू मात्र नको. आईला कांद्यावर झाकायला होईल. फक्त छापलेली बाजू खाली घाला.

तुमच्या खोकल्याकडं कान लावून बसलेली,
गौतमी