मालू ऊर्फ कुमुद

पनवेल,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मनिषास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, ताईचा फोन बिघडला. फोन धडधाकट आहे, डोकं बिघडलंय. एसटी स्टँडसमोर व्हिसाची कामं करणारा गुरुदत्त म्हणाला, की फाइलीत दोघी बहिणींची पत्रं लावली तर बरं पडेल. फोनवर आपण रोज तासभर भांडतो त्याचा पुरावा कुठून आणणार? म्हणून हे पत्र. फोटो आजच पाठवते, मूळ पत्र टपालाने येईल. फाइलीत लागणार म्हणून नीट लिहिते. इकडे सर्व क्षेम. तुझे भाऊजी मजेत आहेत. हवा उत्तम आहे.

झालं नीट लिहून. इथून पुढचं फाइलीत लावू नकोस.

मला सांग, फेब्रुवारीत कोणी आयर्लंड बघायला येतं का गं? तिसऱ्या मजल्यावरची किशोरी मे महिन्यात ग्रुपबरोबर तिकडे जाऊन आली आहे. तिला सांगितलं तर ती आख्ख्या जिन्यात हसली. म्हणाली, त्या दिवसांत तिथली माणसंसुद्धा दुसरीकडे पळतात. तुझे भाऊजी रोज सकाळी पेपरच्या आधी तुझ्या गॉलवेचं हवामान बघतात आणि मोठ्याने वाचतात. आठ अंश, पाऊस. सात अंश, पाऊस. आमच्या फ्रिजमधल्या कोथिंबिरीला याहून बरे दिवस आहेत.

फेब्रुवारी मला सोयीचा आहे, ते वेगळं. अर्धा मार्च सरला की गच्चीवर मिरच्या पडतात आणि मे संपेपर्यंत मसाल्याच्या ऑर्डरीतून मान वर करता येत नाही. पण तू म्हणालीस, ऑफ सीझन आहे, गर्दी नसते, तिकीट स्वस्त पडतं. ते मला लागलं. मोठी बहीण पहिल्यांदा घरी येणार, तर तिला सेलमधल्या साडीसारखं बोलवायचं?

आणि यावर कळस म्हणजे गुरुदत्त आता नात्याचा पुरावा मागतो आहे. तू माझी बहीण कशावरून, असं विचारलं त्याने मला. तुझ्या उवा मी काढल्या, आई शेतावर असायची तेव्हा तुला कडेवर घेऊन पाताळगंगेवर धुणं मी धुतलं, आणि आता कागद दाखवायचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्याकडे काही कागद असतील तर पाठव.

थंडीत गळ्याला काही गुंडाळत जा. राग असला तरी माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझी,
ताई

•

गॉलवे,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्रही फाइलीत लावू नकोस. भाऊजींना दाखवलंस तर चालेल. किशोरीला नको.

गर्दी नसते हे खरं आहे, पण त्यासाठी तुला बोलावलेलं नाही. ताई, मी लग्न करते आहे. हे वाक्य मी तीन आठवडे फोनवर बोलायचा प्रयत्न केला. दर वेळी तू मिरच्यांचा भाव, किशोरी नाहीतर भाऊजींचा गुडघा यांतलं काहीतरी काढलंस आणि माझं राहून गेलं. मग ठरवलं, तू इथे आलीस की समोर बसवून सांगावं. ते चुकलंच.

त्याचं नाव डोनल. वय अठ्ठावन्न. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या आईला हॉस्पिटलात आमच्या वॉर्डात ठेवलं होतं, तिथली ओळख. डोंगराच्या उतारावर त्याच्या मेंढ्या आहेत. तू विचारायच्या आत सांगते, दारू बेताची, बोलणं त्याहून बेताचं. तुझ्याबद्दल त्याने एकच विचारलं, की ताई फार कडक आहे का. मी खरं ते सांगितलं.

नोंदणी कचेरीची तारीख २७ फेब्रुवारी, शुक्रवार. मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या की त्याला दोन महिने जेवायलाही उसंत नसते. तुझ्या मिरच्या आणि त्याच्या मेंढ्या सुरू व्हायच्या आधी जे थोडे दिवस उरतात, त्यातला एक मी उचलला. पर्यटकांच्या लेखी तो ऑफ सीझन. मलाही पन्नासावं लागलंय, तेव्हा माझं लग्नच ऑफ सीझनचं म्हण.

दोन साक्षीदार लागतात. एक त्याचा भाऊ. दुसरी तू. आई-बाबा गेल्यावर माहेरचं माणूस म्हणून तूच आहेस. तू आली नाहीस तर माझ्या बाजूने हॉस्पिटलातली कोणीतरी सही करेल आणि लग्न होईलही. पण तसं मला नको आहे. प्रितमशी लग्न झालं तेव्हा तू मागे उभी होतीस, तो गेला तेव्हाही दुसऱ्या दिवशी विमानतळावर मला आणायला तूच होतीस.

सोबत माझा जन्मदाखला आणि लग्नाच्या तारखेचा कागद पाठवते आहे. छत्री आणू नकोस, इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. रागावलीस तरी ये.

तुझी,
मनू

•

पनवेल,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद. आज ‘उत्तम’ लिहीत नाही.

लग्न करतेस याचा राग नाही. प्रितम जाऊन अकरा वर्षं झाली, एकटी जेवतेस हे माझ्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं. कर, सुखाने कर. राग याचा, की त्या मेंढ्यांना आधी कळलं आणि मला नंतर. तुझ्या लग्नाला मला पर्यटक म्हणून आणणार होतीस? साडी कोणती घ्यायची हे तरी कळायला नको?

पण तुझ्यावरचा राग सध्या बाजूला ठेवला आहे, कारण घरातच त्याहून मोठा निघाला.

परवा गुरुदत्तला घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले. शाळेत मी मालू महादेव मोकल. पासपोर्टवर कुमुद विनायक घरत. तू मनिषा प्रितम ठाकूर. गुरुदत्तने आपल्या दोघींची नावं एकाखाली एक लिहिली आणि म्हणाला, यातलं एकतरी जुळतंय का दाखवा. नाही गं जुळत! नाव नाही, मधलं नाही, आडनाव नाही. लग्नात आडनाव जातं हे माहीत होतं, पण मालूसुद्धा कागदावर कुठे उरली नाही, हे मला बासष्टाव्या वर्षी त्या माणसाने सांगावं?

मी म्हटलं, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बाबांचं नाव आहे ते बघा. त्याने बघितलं आणि माझ्याकडे फिरवलं. वडिलांचं नाव, महादेव घरत. आपले बाबा घरत! ज्यांनी गावी, आपट्याला, शेताच्या बांधावर ‘मोकल’ कोरलेला दगड रोवला होता, ते. फॉर्म कोणी भरला म्हणून विचारलं, तर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. सहा वर्षांपूर्वी ह्यांनीच भरला होता आणि सवयीने घरत लिहून गेले म्हणे. सवय! मी सही केली तेव्हा न वाचता केली, हेही खरं, पण ते मी ह्यांना बोलले नाही.

मग मी विचारलंच, की कुमुद तरी कोणी काढलं होतं. म्हणाले, ह्यांच्या आत्याने. मालू हे नाव गावंढळ वाटेल म्हणून. आणि ह्यांचं काय मत होतं, तर ह्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मला तरी कोणी विचारलं होतं? चाळीस वर्षं मी त्या हाकेला ओ देते आहे. दोन दिवस झाले, ह्यांच्याशी बोलले नाही. चहा वेळेवर देते, बोलत नाही.

आता प्रतिज्ञापत्र करायचं आहे, की मालू आणि कुमुद या एकच व्यक्ती आहेत. म्हणजे मी मीच आहे, अशी मी शपथ घ्यायची. त्याला शाळेचा दाखला लागेल. शाळेच्या जुन्या वह्या आहेत की कसर लागून गेल्या, देव जाणे. नाही मिळाल्या तर मी येऊ शकणार नाही, मनू, आणि या एका गोष्टीची मला रात्रंदिवस धास्ती आहे.

डोनलला सांग, ताई कडकच आहे.

तुझी,
ताई

•

गॉलवे,
४ डिसेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वाचलं. बाबांना घरत केलं इथे मला हसू फुटलं आणि पुढे रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी पाणी आणून दिलं.

तुला एक आठवतं का? तुझ्या लग्नात मी नऊ वर्षांची होते. ताटात तांदूळ पसरले होते आणि भाऊजींनी त्यात अंगठीने नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मला नुकतं जोडाक्षराशिवायचं भराभर वाचता यायला लागलं होतं. मी वाचलं, कुमुद. मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं लग्न चाललंय आणि आपली ताई हरवली. मी हात घातला आणि सगळे तांदूळ फिस्कटले. तेव्हा तू, शालू नेसलेली नवरी, भर मांडवात उठलीस आणि मला थोबाडीत दिलीस.

भाऊजींनी पुन्हा लिहिलं. बाबांनी मला उचलून मांडवाबाहेर नेलं. माझे डोळे पुसत म्हणाले, की ती आपली मालू हाय, मालूच र्‍हानार, कायपण लिवूदे. त्यांनी तुला शेवटपर्यंत कुमुद म्हणून हाक मारली नाही, लक्षात आलं होतं का तुझ्या? आणि मी माझ्या लग्नात माझं नाव बदलू दिलं नाही, ते त्या थोबाडीमुळे.

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तू शपथ घेणार आहेस, तर तुझ्या बाजूने एक साक्षीदार पहिल्यापासून आहे, एवढंच कळवते. दाखला मिळेल. मिळालाच पाहिजे.

तुझी,
मनू

•

पनवेल,
५ फेब्रुवारी २०२६

चि. मनिषास,
अनेक आशीर्वाद.

तुझी ताई बॅग भरते आहे, म्हणून या खेपेला मी लिहितो. काल पासपोर्ट आला, व्हिसासकट. ती सतराला निघते. तिने स्वतः फोन केला नाही, कारण व्हिसावर ‘कुमुद’ छापलेलं बघून तिच्या कपाळावर आठी चढली ती अजून उतरलेली नाही.

शाळेचा दाखला मी आणला. आपट्याला तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळा वही सापडेना. तिसऱ्या खेपेला तिथल्या मुख्याध्यापिका अनुष्काबाईंनी माळ्यावरून गठ्ठे काढले आणि आम्ही दोघांनी धूळ झटकत एकेक पान उलटलं. मालू महादेव मोकल, सुवाच्य शाईत. वर्तणूक, चांगली. यावर मी काही शंका घेतली नाही. प्रतिज्ञापत्रावर ओळख पटवणारा म्हणून मीच सही केली.

मी येत नाही. गुडघा आहेच. शिवाय नवरा इथे राहिला की बायको परत येईल याची खात्री पटते, असं गुरुदत्त म्हणाला. म्हणजे मी ओलीस. माझाही संताप झाला, पण या घरात सध्या संतापायची पाळी माझी नाही.

तुझं तांदळाचं पत्र तिने मला वाचायला दिलं, तेही न बोलता, ताटाशेजारी ठेवून. तू फिस्कटलंस तेव्हा मला थांबायला हवं होतं. दुसऱ्यांदा लिहिण्याआधी निदान तिच्याकडे बघायला हवं होतं. मी ताटाकडेच बघत होतो. हे तिला समोर सांगायला मला जमलेलं नाही, तू सांगितलंस तर उपकार होतील.

डोनलरावांना नमस्कार. तुम्हा दोघांना माझे आशीर्वाद, ते तिच्या बॅगेत मसाल्याखाली ठेवले आहेत असं समज.

तुझा,
विनायक भाऊजी

•

गॉलवे,
१ मार्च २०२६

अहो,
स. न. वि. वि.

पोहोचल्याचं फोनवर सांगितलं होतं. हे फोनवर सांगायचं नाही.

परवा लग्न झालं. पाऊस होता. इथे पाऊस होता असं लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. मी हट्टाने छत्री नेली होती. कचेरीच्या दारात ती उलटी झाली आणि डोनल तिच्यामागे रस्ताभर धावला. माणूस चांगला आहे. किशोरीला सांगा, इथे गर्दी नाही म्हणून रस्त्यावरचं प्रत्येक माणूस थांबून बोलतं, आणि हिरवं एवढं आहे की आपट्याच्या श्रावणाची आठवण होते.

नोंदणी करणाऱ्या बाईंनी मनूला विचारलं, यापुढे नाव कोणतं. विचारलं हो! सरळ तोंडावर विचारलं. मनू म्हणाली, आहे तेच. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. एवढंच होतं ते. एवढंसं विचारायला आपल्या मांडवातल्या दोनशे माणसांपैकी एकालाही सुचू नये?

मग साक्षीदाराची सही आली. पासपोर्टप्रमाणे करा म्हणाल्या. मनूच्या लग्नात तमाशा नको म्हणून केली, कुमुद घरत. पण पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं.

घरी आल्यावर मनूने स्वयंपाकघरात ताट घेतलं. मी नेलेले तांदूळ पसरले. डोनलने घातलेली नवी अंगठी बोटातून काढली आणि तांदळात लिहिलं, मालू. लिहिताना ती माझ्याकडे बघत होती. डोनलला वाटलं, आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरीच्या बहिणीचं नाव ठेवतात. आम्ही त्याची समजूत काढली नाही. मी मनूपुढे गाल केला, चाळीस वर्षांपूर्वीची थोबाडीत फेडून टाक म्हटलं. तिने नुसता गाल ओढला आणि मग आम्ही दोघी त्या ताटावर इतक्या रडलो, की तांदूळ धुवायची गरज उरली नाही. त्यांचाच भात केला, आपला मसाला घालून रस्सा केला. डोनलने दोनदा घेतला, नाक पुसत.

तुमचं म्हणणं मनूने मला सांगितलं. ताटाकडे बघत होतात, ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी तुमच्याकडे बघत होते. पण तुम्ही आपट्याला तीन खेपा केल्यात, त्या दुखऱ्या गुडघ्याने, तेही मला दिसलं. निम्मा राग गेला आहे. निम्मा शिल्लक आहे, तो कामाला येईल.

तेराला सकाळी उतरते. मिरच्या यायच्या आत गच्ची धुऊन ठेवा. हे पत्र वेळेत पोहोचावं म्हणून फोटोही पाठवते आहे. विमानतळावर लोक नावाची पाटी धरून उभे असतात ना, तसे उभे राहा. पाटीवर काय लिहायचं ते एव्हाना कळलं असेलच. दुसरं काही लिहिलेलं दिसलं, तर मी ओळख न दाखवता पुढे निघून जाईन.

गुडघ्याला तेल लावत जा, आणि माझ्यावर आहे तो जीव तसाच असू द्या.

तुमची,
मालू