व्याहीबुवा, रोज की दिवसाआड?

सन्माननीय व्याहीबुवांस, दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात सध्या छातीपर्यंतच येतो, उरलेला नमस्कार आपण मनाने पूर्ण करून घ्यावा.) आपली, विहीणबाईंची आणि आमच्या लेकीची तब्येत उत्तम असणारच, कारण तब्येतीबद्दल आपल्याला एवढं कळतं की घरचं भागून पाहुण्यांनाही वाटता येतं. आमचं विचाराल तर आम्हीही मजेत आहोत. मान फक्त डावीकडे वळते, त्यामुळे उजवीकडे बसणाऱ्यांशी बोलणं तेवढं बंद आहे.

गेल्या खेपेला आपण आमच्याकडे आलात आणि जेवून हात पुसता पुसता सहज म्हणालात, "साठीनंतर माणसाने रोज पोहावं." दुसऱ्या दिवशी आपण गेलात, वाक्य मात्र आमच्याकडेच मुक्कामाला राहिलं. आमच्या हिने ते मनावर घेतलं. तिचे गुडघे आपल्याला ठाऊक आहेत. माझं शिवणकाम वरच्या मजल्यावर चालतं आणि जिना चढवत नाही म्हणून तिने कितीतरी दिवसांत वर पाऊल टाकलं नव्हतं (त्या काळात मी फार निवांतपणे काम केलं, हे आपल्यातच राहू द्या).

आधी आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की या वयात आठवड्यातून दोन-तीनदा पुष्कळ झालं. दमलात की थांबा आणि मधला दिवस अंगाला विश्रांती द्या. विषय तिथेच संपायला हवा होता. बाहेर पडताना मी एवढंच म्हणालो, "पण व्याही तर रोज म्हणाले होते." ही काहीच बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही की मी त्याला होकार समजतो.

पोहण्याची चड्डी बाजारात तयार मिळते, पण जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाने ती विकत घ्यायची म्हणजे नाचक्की. कोटांच्या अस्तराचं कापड उरलेलं होतं. त्याची मी गुडघ्यापर्यंत, दुहेरी शिवणीची, दोन खिशांची चड्डी शिवली. (पोहताना खिशात काय ठेवणार, असं हिने विचारलं. शिंप्याला असले प्रश्न विचारू नयेत.) कापड इतकं घट्ट विणीचं निघालं, की पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरताच आत हवा कोंडली, चड्डी फुगली, माझी मागची बाजू वर आली आणि डोकं खाली गेलं. शिट्टीवाला शिक्षक काठावरून ओरडत होता, "काका, पाय खाली घ्या!" पाय खाली घ्यायची माझीही फार इच्छा होती. शेवटी उथळ पाण्यात चालायचा व्यायाम करणाऱ्या चार बायकांनी मला उशीसारखं दाबून हवा काढली. त्यांतली एक आमची ही. सगळ्यात जोरात तिनेच दाबलं.

शहाण्या माणसाने यानंतर घरी बसावं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच ही पिशवी घेऊन दारात उभी! मग मीही निघालो. असं रोज सुरू झालं. काही आठवड्यांत मी हातपाय मारू लागलो, तर शेजारच्या पट्ट्यात हिची निळी टोपी माझ्या पुढे. मी मागून ओरडायचो, "अगं, गुडघा सांभाळ!" तर वळून बघणं राहिलं बाजूला, ती वेगच वाढवायची. तिला गाठायच्या नादात एका सकाळी माझ्या खांद्यात कापड टराटरा फाटावं तशी कळ आली आणि हात वरच राहिला. शिक्षकाला वाटलं, काकांना काही शंका आहे. तो बराच वेळ माझ्या प्रश्नाची वाट बघत थांबला.

आता कात्री धरवत नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट अडकून पडलाय. डाव्या हाताने कशीबशी बाही जोडत होतो, तर जिन्यावर पावलं वाजली. ही होती! कठड्याला न धरता वर आली, कोट उचलून पाहिला आणि म्हणाली, "बाही उलटी लावलीत." बरोबर होतं तिचं. त्या पावलांचा आवाज ऐकून मला काय वाटलं ते मी लिहीत बसत नाही, पण उसवताना एकदाही चिडलो नाही.

हात भरून आला, थांबतो. लोभ आहेच, खांदा सुटला की वाढवीन.

आपला,
(अजूनही) व्याही

ता. क. खरं काम राहिलंच. ही माझं ऐकत नाही, पण आपला शब्द मोडणार नाही. 'रोज' म्हणजे मला 'दिवसाआड' म्हणायचं होतं, एवढ्या दोन ओळी तिच्या नावे लिहून पाठवा. ती थांबली की मला थांबता येईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला दिलं, तर हिने पत्र वाचलं. ती म्हणते, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून ती दिवसाआडच पाण्यात उतरते, तेही उथळ बाजूला चालायला. बाकीच्या दिवशी पिशवीत माझाच टॉवेल घेऊन येते आणि काठावरच्या बाकावर बसून माझ्यावर लक्ष ठेवते, कारण रोज जायचा हट्ट माझा. चष्मा काढल्यावर मला टोपीखालचा चेहरा दिसत नाही, हे खरं आहे. ती निळी टोपी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची निघाली. हे कोण गृहस्थ रोज आपल्या गुडघ्याची चौकशी करतात, असं त्यांनी शिक्षकाला दोनदा विचारलंय म्हणे.

तेव्हा त्या दोन ओळी जरूर पाठवा. पाकिटावर नाव मात्र माझं घाला.