नाताळपर्यंत

पप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मला तुमचाच राग येतोय. नगरला तुम्ही चर्चचे राखणदार होतात. मागची वस्ती जळाली तेव्हा पाळकसाहेबांनी हॉल उघडायला सांगितला, आणि माझ्या संडे स्कूलच्या बाकावर कुणाची तरी काळी पातेली आली म्हणून मी फुरंगटून बसले. नऊ वर्षांची होते. तुम्ही मला दंडाला धरून आवारात नेलंत. "देवाच्या घरात एकदा ‘या’ म्हटलं की ‘जा’ म्हणायचं नसतं. त्यांची सोय लागली की ते आपणच जातील." ते लोक ईस्टरपर्यंत राहिले. सगळी चर्चं अशीच असतात, असं मी तेव्हापासून धरून चालले.

दोन हजार सतरा साली आमच्या इथल्या, सिंगापूरच्या चर्चने बेघर लोकांसाठी रात्रीपुरता हॉल उघडला. इथे बेघर माणसं चटकन दिसत नाहीत, बिल्डिंगच्या खाली किंवा हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजाराच्या, मागच्या बाकांवर झोपतात. वीसेक जण संध्याकाळी यायचे, चटया पसरायचे, सकाळी सातला जायचे. मी कामाला जायची तुआसची बस पकडण्याआधी तिथल्या किचनमध्ये पेज करायचे. एक चिनी आंटी, साठीच्या पुढची, हॉकर सेंटरमध्ये टेबलं पुसणारी, कुणी न सांगता माझ्या शेजारी आलं चिरायला उभी राहायची. मुलाने फ्लॅट विकला आणि तिला बरोबर नेलं नाही, हे तिने आलं चिरता चिरताच सांगितलं. "धिस वन पॉरिज आह? वॉटर ला!" असं मला रोज ऐकवायची. तुम्हाला ती आवडली असती.

नोव्हेंबरात तिच्यासाठी लांब जुराँगच्या एका शेल्टरमध्ये पलंग रिकामा झाला. पण तिथून पहाटेच्या कामावर वेळेत पोचता येत नव्हतं. काय करू, तिने मला विचारलं, मी पास्टरना विचारलं. ते हसून म्हणाले, "तिला सांगा, नाताळपर्यंत कुणालाही हलवणार नाही. पुढचं पुढे बघू." मी तसंच सांगितलं. "यू से स्टे, आय स्टे," ती म्हणाली, आणि तिने शेल्टरला ‘नको’ म्हणून कळवलं.

दोन आठवड्यांनी, रविवारी उपासना संपल्यावर पास्टरनी जाहीर केलं की शुक्रवारपासून हॉल बंद. आवारातल्या बालवाडीच्या पालकांच्या तक्रारी होत्या, समोरच्या कॉन्डोतल्या, महागड्या फ्लॅटांतल्या लोकांच्याही. कमिटीने निर्णय घेतला होता. माझा नवरा त्या कमिटीवर आहे. तो माझ्या शेजारी गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसला होता. घरी चालत जाताना मी विचारलं, "केव्हा ठरलं हे?"

"मागच्या शनिवारी."

म्हणजे आठ दिवस. आठ दिवस सकाळी मी याला चहा देताना नाताळच्या जेवणाचं सांगत होते, आंटीला करंज्या भरायला बसवणार होते, आणि हा "छान होईल" म्हणत होता. तिने नको म्हटलेला शेल्टरचा पलंग त्यातल्या गुरुवारपर्यंत रिकामाच होता, पप्पा.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच तिला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणूनच. पास्टरना गडबड नको होती."

वर पास्टरनीच फोन करून सांगितलं, त्या लोकांशी तुम्हीच बोला, ते तुमचं ऐकतात. मी बोलले. कुणी आवाज चढवला नाही. एक म्हातारा तर मला थँक्यू म्हणाला. हॉल बंद झाला त्या शुक्रवारनंतर मी त्या चर्चची पायरी चढले नाही आणि नवऱ्याशी कामापुरतंच बोलते. शब्द कसा पाळायचा ते तुम्ही शिकवलंत. आपल्याच माणसांनी आपल्या तोंडून खोटं बोलवून घेतलं तर काय करायचं, ते नाही शिकवलंत.

तुम्ही वाचणार नाही म्हणूनच हे लिहिता येतंय. त्या शुक्रवारी सकाळी आंटी चटईची गुंडाळी काखेत धरून किचनच्या दारात आली. "युअर हाउस गॉट रूम आह?" तिने हळूच विचारलं. बिशानच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामीच असते. मी म्हटलं, नवरा नाही म्हणतो.

पप्पा, मी त्याला विचारलंच नव्हतं.