चौथ्या भागात अक्का पळून जाते

आबा, परवा चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरण लिहून झालं. तुम्हाला हे सगळं मुळापासून सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी वडगावच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते, आणि ही पोरगी पुढे कादंबऱ्या लिहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता माझ्या नावावर तीन आहेत. त्यांत रहस्य आहे, प्रेम आहे, आणि खंडाळ्याच्या एका बंद बंगल्याची राखण करणारं एक कुटुंब आहे. आईबाप, दोन मुली, एक मुलगा. प्रत्येक भागात बंगल्यात काहीतरी आक्रीत घडतं, कुणीतरी नको त्याच्या प्रेमात पडतं, आणि ती भावंडं एकमेकांना धरून त्यातून बाहेर येतात. लढाईमुळे कागद मिळेनासा झालाय, तरी पुण्याचे प्रकाशक माझ्यासाठी कुठून तरी पैदा करतात. आमच्या हेडबाई पुस्तक भूगोलाच्या वहीत लपवून वाचतात आणि मला व्हरांड्यात गाठून हळूच विचारतात, "बाई, तो खिडकीतला उजेड भुताचा की माणसाचा?" मी नुसती हसते. सांगून टाकलं तर पुढचा भाग कोण घेईल?

भूत कसलं, ते तुम्हीच. आपण राखायचो तो बंगला ज्या शेटचा, त्याची मंडळी उन्हाळ्यात यायची, दिवाळीत यायची, बाकी वर्षभर बंगला रिकामा. चोरांना तसा तो वाटू नये म्हणून दिवेलागणीला तुम्ही आत एक कंदील लावून ठेवायचात, आणि तोही रोज निराळ्या खोलीत. आज दिवाणखाना, उद्या जिन्याजवळची, परवा पश्चिमेची. "उजेड फिरता पायजे," तुम्ही म्हणायचात. "एकाच जागी ऱ्हायला की चोराला कळतंय, हितं कंदील हाय, मानूस न्हाई." आम्हा तिघांच्या पाळ्या लावलेल्या होत्या. माझी पाळी आहे, मी कंदील घेऊन जिना चढते आहे, खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या आहेत, आणि मोठ्या आरशात माझाच कंदील माझ्याकडे चालत येतो. खाली जिन्याच्या तोंडाशी अक्का उगाचच मोठमोठ्यानं ओव्या म्हणत उभी असते, म्हणजे मला ती तिथं आहे हे ऐकू यावं. रहस्य कसं लिहावं हे मी त्या जिन्यावर शिकले. वर अंधार हवा आणि खाली आपलं माणूस हवं.

मग एका पावसाळ्यात अक्का आमच्या पाळ्या आपणहून मागून घेऊ लागली. दादाला आणि मला काय, आयतंच मिळालं. पण अक्का प्रेमात पडली तशी तुमची शिकवण विसरली, आणि कंदील फिरायचा थांबला. ओळीनं पश्चिमेचीच खिडकी. त्या खिडकीतून स्टेशनाबाहेरचा सिग्नल दिसतो. सिग्नलच्या शिडीवर चढून बत्तीत तेल घालणारा जो रेल्वेचा पोरगा होता, त्याला शिडीवरून ती खिडकी दिसायची, आणि तिथं उजेड असला की तो दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्का पाणी भरायची त्या विहिरीवर पाणी प्यायला यायचा. स्टेशनात पाण्याचा नळ असताना. एका जागी राहिलेल्या उजेडावरून चोराला कळतं म्हणायचात, तसं त्याच उजेडावरून अक्काचं तुम्हाला कळलं. पण तुम्ही तिच्या पाळ्या तशाच चालू दिल्यात. अक्का तापानं पडली त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः कंदील उचललात, काच पुसलीत, आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवून वात मोठी केलीत.

पुढचं मला त्याच पोरानं, आताच्या भावोजींनी, इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं हजर होते असंच वाटतं. सकाळी ते धुक्यातून विहिरीवर आले तर कठड्यावर तुम्ही, शेजारी चहाची किटली.

"ये, बस. पोरगी तापानं फणफणलीया. आज मीच आलोय."

पळावं असं त्यांच्या मनात आलं, पण ते कठड्याच्या टोकाला टेकले.

"कुटलं गाव?"

"सोमाटणं."

"आय-बा?"

"आय हाय."

"मग तिला घेऊन यायचं. आन् विहिरीवर न्हाई, दारातनं यायचं." एवढं बोलून तुम्ही चहा बशीत ओतलात आणि बशी त्यांच्यापुढं सरकवलीत. चहा गोडमिट्ट होता म्हणतात. मार्गशीर्षात लग्न झालं.

हे मी चौथ्या भागात जसंच्या तसं लिहिलं होतं. प्रकाशकांनी वाचून हात टेकले. "बाई, असा बाप कुणाला पटायचा? सगळा दम गेला कथेतला. मुलीनं पळून जायला हवं, आणि बापानं कंदील घेऊन तिचा पाठलाग करायला हवा." माझं डोकंच फिरलं. आमच्या मावळात कुणाला ठाऊक नाही की हे घर कुणाचं? उद्या खंडाळ्यातली माणसं म्हणतील, असा कसाई होता होय म्हातारा, वरून वाटत नव्हता. पुस्तक निघालं नाही तरी बेहत्तर, पण तुम्हाला मी तसं होऊ देणार नव्हते. पुण्याहून निघाले ती वडगावला न उतरता थेट लोणावळ्याला गेले, अक्काचा पाठिंबा घ्यायला. ती तांदूळ निवडत होती आणि भावोजी भिंतीला टेकून पेंगत होते. तिनं सगळं ऐकलं, दोन खडे वेचून फेकले आणि म्हणाली, "पळव की मग."

"अगं, आन् आबांचं काय?"

"आबांचं तू बघ, लिवनारी तू. मी माझं सांगते. माझं सगळं दारातनं झालं. मागनी दारातनं, वरात दारातनं. लय चांगलं झालं, तक्रार न्हाई. पर एकदा तरी गाडीत बसून पळून जायचं व्हतं मला."

भावोजी डोळे न उघडताच म्हणाले, "मला बी."

मी हसत हसत घरी आले आणि लिहायला बसले तशी अडले. अक्काला गाडीत बसवणं सोपं होतं. तुमचं काय करायचं ते कळेना, कारण तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही. दिवाणखान्यात छताला टांगलेली दिव्याची काचेची हंडी दादाच्या हातून फुटली होती, आठवतं? शेटच्या ध्यानातही आलं नव्हतं. तुम्हीच समोर उभे राहून सांगितलंत, "माझ्या पोरानं फोडली," आणि दादा मान खाली घालून सगळ्या पाहुण्यांसमोर बोलणी खात उभा राहिला. आई तुम्हाला म्हणाली, "वाऱ्यानं पडली म्हनला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणालात, "वाऱ्यानं न्हाई पडली." त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला नाही, आबा. राग आला. शेटच्या खुर्च्यांसाठी तुम्ही रोज संध्याकाळी चोरांना फसवत होतात, आणि पोरासाठी एवढं एक वाक्य तुमच्याच्यानं निघालं नाही.

तर आता पुस्तकात असं आहे. चुलत्यांनी अक्काचं लग्न भलतीकडेच ठरवलंय, आणि ती पहाटेच्या गाडीनं पुण्याकडे निघून जाते. गाडी सुटली ते बापानं डोळ्यांनी पाहिलंय. चुलते काठ्या घेऊन बंगल्याच्या फाटकात येतात आणि विचारतात, पोरगी कुठं गेली? बाप त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उलट्या दिशेला, घाटाखाली बोट दाखवतो. "खाली गेली. खोपोलीच्या अंगाला. बिगीबिगी जावा, गावल." ते धावत घाट उतरतात आणि बाप घरात येऊन आईजवळ भाकरी मागतो. प्रकाशक खूश आहेत. म्हणाले, आता कसं रहस्य वाटतं. अक्काला वाचून दाखवलं, ती डोळे पुसत म्हणाली, माझ्या अंगावर लुगडं कुठल्या रंगाचं होतं तेही लिही.

हे कागद मात्र मी तिलाही दाखवणार नाही, ट्रंकेत तळाशी ठेवीन. तुम्ही असं कधीच बोलला नसता हे मला पक्कं ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना ते प्रकरण अक्काचं वाटेल, वाटू दे. तुमच्या तोंडी ते वाक्य घातलं आणि मला पुढं लिहवेना, तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत बसले. अक्काला एकदा पळून जायचं होतं. मला एकदा तुम्हाला आमच्यासाठी खोटं बोलताना ऐकायचं होतं.