शेजारची तबकडी आणि माझी स्वतंत्र चाल

३ ऑक्टोबर १९४३, रविवार

चर्चमध्ये उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी मागच्या खोलीत बोलावलं. भिंगारदिवे पाळक म्हणजे माझाच विद्यार्थी. चौथीत सतराचा पाढा यायचा नाही. आता मला शिकवतात. म्हणाले, "बाई, तुमची गीतं मंडळीला झेपत नाहीत. लोक तोंड मिटून उभे राहतात." मी म्हटलं, तोंड मिटून उभं राहणं याला शिस्त म्हणतात.

मग मुद्द्यावर आले. १४ नोव्हेंबरला हंगामाचा सण. त्या दिवशी दोन नवी गीतं व्हायची. एक माझं, ऑर्गनवर. दुसरं कानिफनाथाचं, ढोलकीवर. कानिफनाथ म्हणजे देवळाली प्रवऱ्याहून आलेला नवा मास्तर. वय पंचवीस, केसांना तेल फार. ज्याच्या गीताला मंडळी आवाज देईल त्याच्याकडे नाताळचं गाणं. दुसऱ्याने कायमचं बाजूला व्हायचं. मी हरले तर ऑर्गन शाळेच्या कोठीत जाणार, कारण ढोलकी आणि टाळकऱ्यांना जागा हवी.

एकतीस वर्षं मी त्या ऑर्गनवर बसते आहे. शाळेतून निवृत्त केलं तेव्हा अवाक्षर बोलले नाही. (पत्र लिहिलं. चार पत्रं.) ऑर्गनवरून मात्र मला उठवू देणार नाही.

संकल्प: चाल स्वतःची. शुद्ध पाश्चात्त्य. सहा आठवडे म्हणजे चिक्कार झाले.

४ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी ४

कामाला बसले आणि पलीकडे सुरू. भिंत एकच आहे. तिकडे गनीभाई राहतात. कापड बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. कुणाचा तरी ग्रामोफोन दुरुस्तीला आला होता, त्या माणसाची बदली झाली, ग्रामोफोन यांच्याकडेच राहिला. रेकॉर्ड एकच. लावणी. गनीभाईंची बायको मेहताब रोज चारला चावी देते आणि ती तमाशातली बाई माझ्या भिंतीत ओरडू लागते: "खिडकी उघडी ठेविली राया, वारा झोंबतो कसा."

खिडकी लावून घ्यावी. इतकं साधं आहे.

५ ऑक्टोबर, मंगळवार

पुढे गोंधळ नको म्हणून माझी आवड एकदाची लिहून ठेवते. बाख आवडतो. हेंडेल चालतो. कँपातल्या गोऱ्यांचा बँड दुरून बरा वाटतो. नाटकातली पदं नावडतात, एका अक्षराभोवती माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. सिनेमाची गाणी नाकातली. भावगीतं पडशातली. भजनात टाळांमुळे विचार करता येत नाही. लावणीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ही आवड पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर हिल्डेगार्ड यांनी लावली. बव्हेरियाच्या. चुकीच्या सुराला पट्टी बसायची. बोटं अजून साक्ष देतात.

संकल्प: चार ते साडेचार कानात कापूस.

६ ऑक्टोबर, बुधवार

कापूस घातला. त्यामुळे शब्द नीट लागेनात, उगाच ताण पडून डोकं दुखलं. कापूस काढला.

९ ऑक्टोबर, शनिवार

तक्रार करायला गेले. सोबत सिस्टरांचा सूरकाटा (ट्यूनिंग फोर्क) नेला. गनीभाईंना त्याच्यावर दाखवून दिलं की त्यांचं यंत्र घाईत फिरतं, त्यामुळे बाई जवळजवळ अर्धा सूर वर गाते. ते म्हणाले, "रतनबाई, बंदच करू का मग?" मी म्हटलं, बंद करा असं मी म्हटलेलं नाही, बरोबर करा. त्यांनी आतला स्क्रू फिरवला. चार वेळा लावून पाहावं लागलं. आता सूर ठिकाणावर आहे.

निदान अत्याचार तरी सुरात होईल.

मेहताबने चहा दिला. तक्रार घेऊन गेले होते म्हणून एकच कप घेतला. बिस्किटं तिने आग्रह केला म्हणून.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन चाली झाल्या. पहिली शाळेच्या घंटेसारखी. दुसरी ऑर्गनवर वाजवली तेव्हा झाडूवाला पाय आपटत चालू लागला, बँडची निघाली. दोन्ही फाडल्या. दोष माझा नाही. डोक्यात दुसरंच काही फिरत असताना बाख कुठून येणार.

निषेध म्हणून रोज किती वेळा वाजते ते टिपून ठेवते आहे. नोंद ठेवायची तर ऐकावं लागतं. आज तीनदा.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

चार वाजले. सवाचार. शांतता.

हीच शांतता मी मागत होते, तेव्हा कामाला बसले. काम झालं नाही. साडेचारला जाऊन विचारलं. मेहताब म्हणाली, "पिना संपल्या, बाई. शेवटची घासून घासून खिळा झाला हुता. लढाई हाय ना, अख्ख्या नगरात न्हाईत. ह्ये म्हणले, आता ऱ्हाऊ दे." हसून म्हणाली, "तुमची सुटका झाली."

मी म्हटलं, प्रश्न माझा नाही. यंत्र पडून राहिलं की गंजतं. सिस्टरांनी एकदा पत्रात लिहिलं होतं की गेल्या लढाईत त्यांच्या गावी लोक पिनेऐवजी झाडाचा काटा लावत.

संध्याकाळी फिरायला म्हणून सीना नदीच्या काठी गेले. तिथे बाभळी आहेत. सहज.

२० ऑक्टोबर, बुधवार

बोट सुजलं आहे. एकवीस काटे. माझ्या नखांच्या कानशीने टोक काढून दिले. शेजारधर्म.

काट्याने खरखर गेली. आवाज मऊ येतो. आता शब्द न् शब्द कळतो. फारच चावट आहेत. तिसऱ्या कडव्यात विशेष.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी ५

आली. चाल आली.

दुपारी भिंतीकडच्या कॉटवर पडले होते. डोळा लागला. साडेचारला जागी झाले तर चाल अंगभर. पहिली ओळ, दुसरी ओळ, पालुपद, सगळी तयार. कुठून आली ते लगेच ओळखलं. सिस्टर हिल्डेगार्ड स्वयंपाकघराजवळ गुणगुणायच्या त्यातली. बव्हेरियन. पन्नास वर्षं आत मुरली आणि गरजेला बाहेर आली. शिक्षण याला म्हणतात.

आपल्या लोकांना असं सुचणं शक्य नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

शब्द झाले. "शेतं भरली दाण्यानं देवराया, हात तुझा हा असा." चालीत बसेना. "देव" काढला. नुसतं "राया" चपखल बसतं. देव गृहीत आहे. देवळात दुसरा कोण असणार.

२७ ऑक्टोबर, बुधवार

रंगुबाई भांडी घासताना माझं गीत गुणगुणत होती. ही शेवगावकडची, माझ्याकडे नऊ वर्षं आहे, एक इंग्लिश गीत कधी उचललं नाही. हे दोन दिवसांत. मी म्हटलं, पाहिलंस, उत्तम संगीत अडाण्यालाही कळतं.

म्हणाली, "बाई, ह्ये गानं मी कुठंतरी ऐकलंय."

मी विचारलं, बव्हेरियाला कधी गेली होतीस.

म्हणाली, "न्हाई. शेवगावच्या जत्रंत गेल्ते."

तिच्याशी संगीत बोलण्यात अर्थ नाही.

३१ ऑक्टोबर, रविवार

क्वायरची पहिली प्रॅक्टिस. सात बाया. एका फेरीत पाठ झालं. आजवर असं कधी झालेलं नाही. जर्मन गीत बसवायला दोन महिने लागतात. माझी शिकवण्याची पद्धत फळाला आली म्हणायची.

चांगुणा पहिल्या रांगेत. दुसऱ्या ओळीला तिचा हात कमरेवर गेला. काढायला लावला. पुन्हा गेला. विचारलं तर म्हणाली, "मी न्हाई नेत बाई, जातो त्यो." बाकीच्या खाली बघून हसत होत्या. यांना कोराल, म्हणजे जर्मन स्तोत्र, गाताना कसं उभं राहावं तेही सांगावं लागतं.

७ नोव्हेंबर, रविवार

कानिफनाथ दाराबाहेर उभा राहून प्रॅक्टिस ऐकत होता. हेरगिरी. बाहेर आले तर म्हणाला, "मावशी, चाल झकास हाय. पन ढोलकी मागती ती."

मी म्हटलं, मी तुझी मावशी नाही आणि माझी चाल कुणाकडे काही मागत नाही.

"ऱ्हायलं," म्हणाला. "आमचं आपलं साधं भजन हाय. तुमच्यापुढं टिकत न्हाई." चेहऱ्यावर एक प्रकारचं हसू. हरणाऱ्या माणसाचं असावं.

१० नोव्हेंबर, बुधवार

शेवटी काहीतरी कमी वाटत होतं. ओळ संपल्यावर मागून कुणीतरी उचलून धरावं असं. म्हणून तीनदा भराभर "आमेन" घातलं. का ते सांगता येत नाही. आतून आलं.

१४ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७

विजय निश्चित. करडी साडी, सिस्टरांचा ब्रोच. कानिफनाथाला बोलायचं वाक्य तयार आहे: "वाईट वाटून घेऊ नकोस, संगीत हे संस्काराचं काम आहे."

त्याच दिवशी, दुपारी ३

क्रमाने लिहिते.

देऊळ भरलं होतं. कोल्हारहून दोन बैलगाड्या माणसं. वेदीपुढे बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेला एक कोंबडा. मेहताबला मी बोलावलं होतं, शेजारी म्हणून आणि चांगलं संगीत म्हणजे काय ते कळावं म्हणून. ती बाहेर खिडकीपाशी उभी होती.

आधी कानिफनाथाचं भजन. बरं झालं. चार-पाच जणांनी आवाज दिला.

मग मी. पहिल्या ओळीला मंडळी गप्प. मान वळवल्याशिवाय पाठीमागचं दिसत नाही, ऑर्गनवर आरसा नाही. दुसऱ्या ओळीला कोपऱ्यात कुणीतरी टाळी धरली. पालुपद आलं आणि सगळं देऊळ गाऊ लागलं. न शिकवता. ज्यांना वाचता येत नाही तेसुद्धा. एकतीस वर्षांत त्या छपराखाली असा आवाज मी ऐकलेला नाही. लिहायला हरकत नाही, डोळ्यांत पाणी आलं.

मग आमेन. मी मान वळवली. कोल्हारचा म्हातारा छगन, बाप्तिस्म्याआधी तमाशात मागे उभा राहून सूर धरायचा म्हणतात, तो उठला. हात कानाशी नेला. आणि माझ्या आमेनच्या जागी म्हणाला, "जी रं जी, जी जी." कोल्हारच्या दोन्ही गाड्यांनी उचललं. चांगुणाचे दोन्ही हात कमरेवर. कानिफनाथाने ढोलकी केव्हा ओढली ते कळलं नाही. कोंबडा सुटला.

मी थांबायला हवं होतं. पाय ऑर्गनवरून निघेनात. तीन कडवी वाजवली. चौथ्यांदा पहिली ओळ घेतली तेव्हा मागून शब्दही निराळे येत होते. खिडकीचे.

१५ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहायचं राहिलं. मी जिंकले. पाळकसाहेब म्हणाले, ऑर्गन जागचा हलणार नाही. नाताळचं गाणं माझंच. शेजारी ढोलकी राहील, "कारण बाई, तुमच्या चालीला ती लागतेच." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही आम्हाला बाहेरचं शिकवलंत. शेवटी आपल्या मातीतलं तुम्हीच आणलंत."

मी म्हटलं, बव्हेरियातलं.

ते म्हणाले, "बरं." सतराचा पाढा न आल्यावर मी त्यांना जसं "बरं" म्हणायचे तसं.

कानिफनाथासाठी तयार केलेलं वाक्य बोलायचं राहून गेलं.

घरी येताना मेहताब माझ्याबरोबर चालत होती. खिजवायला नाही, खरोखर खूश होती. म्हणाली, "बाई, आमची रेकार्ड तुमाला इतकी आवडती हे आधी सांगायचं हुतं ना. मी भिंतीकडंच तोंड करून ठेवली असती."

मी म्हटलं, दोन्हींत फरक आहे.

"कुठं?"

बुधवारी दाखवते म्हटलं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

सूरकाटा, वही आणि पेन्सिल घेऊन गेले. सहा वेळा ऐकली. तीन काटे संपले. गनीभाई दुकानातून लवकर आले आणि तेही ऐकत बसले.

फरक आहे. दुसऱ्या ओळीत ती बाई एका सुरावर किंचित रेंगाळते, मी रेंगाळत नाही.

गनीभाई म्हणाले, "रेंगाळा की मग, रतनबाई. तिथंच तर मजा हाय."

सिस्टर हिल्डेगार्ड स्वयंपाकघराजवळ काय गुणगुणायच्या ते आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. त्या गुणगुणायच्या की नाही तेही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

कोल्हारच्या मंडळीचं पत्र. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गायला बोलावलं आहे, बैलगाडी पाठवतील. पत्त्यावर लिहिलं आहे: "खिडकीवाल्या बाई, अहमदनगर." टपालवाल्याने विचारपूस न करता थेट माझ्या दारात आणून दिलं.

एकतीस वर्षं मिस रतनबाई. सही करून चार पत्रं. पट्टी. बाख. आणि खिडकीवाली.

उत्तर लिहिलं. चाल स्वतंत्र असून साम्य योगायोगाचं आहे, हे दोन वाक्यांत स्पष्ट केलं. येते म्हणून कळवलं.

आता नाताळासाठी दुसरं गीत हवं. चाल पुन्हा माझीच असणार. फक्त या खेपेस चुकूनही कशाशी साम्य येऊ नये, म्हणून आधीच खात्री केलेली बरी. तेवढ्याचसाठी मघाशी मेहताबला भिंतीतूनच विचारलं की त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काही आहे का.

आहे म्हणाली. चारला या म्हणाली.

पावणेचार झालेत. काटे घेऊन जाते.