खुर्ची सोडून बाकी सगळं

"रडू नको बेटा. बाप गेला, पन खुर्ची घरातच राह्यली."

चोवीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, भगवंतराव मला असं म्हणाले होते. ते आमच्या कार्यालयाचे बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून होते आणि मी वारलेल्या बाबांच्या जागेवर त्या दिवशी अनुकंपा नियुक्तीने रुजू व्हायला आले होते. त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं होतं आणि मीही ते तसंच घेतलं. आज मृत्युपत्र लिहायला बसले तर सगळ्यात आधी हेच आठवलं, म्हणून आधी लिहून मोकळी होते.

मी, अर्चना अंकुश सोमकुवर, माहेरची अर्चना देवीदास गजभिये, वय सेहेचाळीस, धंदा नोकरी, राहणार सौंसर, असे लिहून ठेवते की, हे मी माझ्या मर्जीने लिहीत आहे, कोणी सांगितलं म्हणून नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. आठवडाभर रजेवर असल्यामुळे नेहमीपेक्षा जरा जास्तच ठिकाणावर आहे. येत्या मंगळवारी नागपूरला माझं ऑपरेशन आहे. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं तर मी कदाचित हे लिहायला बसले नसते. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१) सौंसरचं राहतं घर माझ्या आणि माझे पती अंकुश यांच्या नावावर आहे. माझा हिस्सा त्यांना द्यावा, त्यांच्यानंतर आमची मुलगी तृप्ती हिला. पुढच्या खोलीत त्यांचं मोटर वायंडिंगचं काम चालतं, ते तिथेच चालू द्यावं. तांब्याच्या तारेचे तुकडे आयुष्यभर माझ्या पायात रुतले. आता ते ज्याच्या पायात रुततील त्याने बोलावं, मी पुष्कळ बोलले.

२) बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत जे असेल, त्यातून आधी माझी आई मंगला हिची औषधं, ती असेपर्यंत. उरलेलं अंकुश आणि तृप्तीने सारखं घ्यावं. यावर घरात बोलाचाली होणार नाही, याची मला खात्री आहे. आमच्या घरात बोलाचाली दुसऱ्याच गोष्टीवर होते, ती पुढे येईल.

३) रामाकोन्याची अर्धा एकर जमीन, विहिरीतल्या वाट्यासकट, तृप्तीला. ही मी माझ्या पगारातून घेतली. शेजारीच माझे मामा तुळशीराम यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. तृप्ती बारावीपासून दर हिवाळ्यात तिथे जाते. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूने उघडायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे ती मामांकडून शिकली. मागच्या वर्षी तिने भरलेल्या शंभर डोळ्यांपैकी ब्याण्णव फुटले. मामा कोणाचं कौतुक करत नाहीत. ते मला फोनवर म्हणाले, "पोरीचा हात हलका आहे वं. माह्या हाताखाली बावीस वर्षांत असा हात नाही आला." मी तो फोन कार्यालयात घेतला होता. समोरचा माणूस आपल्या मेव्हण्याशी स्पीकरवर बोलत होता, म्हणून मामांना मी हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा ऐकायला मिळालं, तेवढ्यासाठी त्या माणसाला माफ केलं.

४) माझी पुस्तकं विहारातल्या वाचनालयाला द्यावी. नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी निवड झाल्याचं नागपूरचं एक जुनं पत्र त्यातल्या एका पुस्तकात आहे. २००२ सालचं आहे. सापडलं तर फाडून टाकावं, कोणाला दाखवू नये.

५) आता कार्यालयातलं. मी आवक-जावक बघते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आणि बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट माझ्या टेबलावरून जातं. सरकार भोपाळचं, त्यामुळे आमच्याकडे बोलणं मराठीत, फाइल हिंदीत आणि भांडण दोन्हीत चालतं. टेबलाच्या खणात माझ्या स्वतःच्या काही वस्तू आहेत, त्यांची व्यवस्था अशी :

पेनं कार्यालयालाच राहू द्यावी. तशीही ती तिथेच कोणाकोणाच्या खिशात आहेत. "मॅडम, जरा दोन मिनिटं" म्हणून नेलेलं पेन मला चोवीस वर्षांत टोपणासकट एकदाही परत मिळालं नाही.

माझा तीन पुडाचा डबा प्रेमलताला. ती माझ्या बाजूच्या टेबलावर बसते आणि माझा डबा माझ्याआधी उघडते.

"काय वं अर्चना, आज पाटोडी नाही आनली?"

"डबा मी माह्यासाठी आनतो वं, तुह्यासाठी नाही."

"मंग दोन आनत जा ना. कोन नाही म्हनते?"

याचा मला इतका राग यायचा की एकदा मी महिनाभर मुद्दाम कारल्याची भाजी नेली. तिने तीही खाल्ली, वर मीठ कमी आहे म्हणाली. पुढे आई सतरा दिवस दवाखान्यात होती. तेव्हा सतरा दिवस दोन्ही वेळचा डबा प्रेमलताने पोचवला आणि त्यानंतर एकदाही त्याचं नाव काढलं नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असं वकिलांनी सांगितलं, म्हणून तिची सही घेतलेली नाही. तिने रुसू नये. झाकण मात्र आता तरी नीट लावत जावं.

नितीन यांना काही नाही. ते साडेदहाला येतात, खुर्चीच्या पाठीवर निळा रुमाल टाकतात आणि जातात. साहेबांनी विचारलं की मी रुमालाकडे बघून सांगायचं, "इथेच आहेत, आत्ता उठले." अकरा वर्षं मी त्या रुमालाच्या वतीने बोलले. हे काम मी कोणाच्याही नावाने करून देत नाही. ते माझ्यासोबत संपेल.

प्रिंटरमधला शेवटचा कागद काढून ट्रे रिकामा ठेवणारे, उभा पंखा गुपचूप स्वतःकडे वळवणारे, सकाळी ग्रुपवर फुलांचे फोटो टाकून दिवसभर समोर तोंड पाडून बसणारे, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाय हलवणारे, या सगळ्यांना मी माफ करते. पूर्ण जमत नाही, जमेल तेवढं करते. जुन्या पाकिटांवर अजून 'जिला छिंदवाड़ा' छापलेलं आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून मी रोज ते खोडून हाताने नवं नाव लिहिते. नवी पाकिटं मागवा, असं मी चार वेळा लिहून दिलं. चारही वेळा कागदावर शेरा आला, 'चर्चा करें'. चर्चा करायला कोणी बसलं नाही. माझ्या जागी येणाऱ्याने पाचव्यांदा लिहू नये, हात दुखतो.

६) लाकडी रूळ. हा भगवंतरावांना परत द्यावा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनीच तो मला दिला होता. ते अजूनही रोज अकरा वाजता कार्यालयात येतात आणि पेपर वाचतात, त्यामुळे शोधावं लागणार नाही. हा रूळ कसला आहे, ते सांगते.

मी रुजू झाले तेव्हा हजेरीच्या रजिस्टरमध्ये नव्या नावाला ओळ उरली नव्हती. भगवंतराव म्हणाले, "बापाच्याच ओळीत कर सही. एप्रिलात नवा रजिस्टर येते." मी केली. दोन महिने रोज सकाळी 'देवीदास गजभिये' या नावासमोर मी सही करत होते. बाबा रोज हजर होते. रविवारी मला चुकल्यासारखं व्हायचं. एप्रिलमध्ये नवं रजिस्टर आलं, आणि भगवंतरावांनी जुन्यावरून वरपासून खालपर्यंत सगळी नावं उतरवून काढली. त्यात बाबाही आले. मी दाखवलं तेव्हा त्यांनी जीभ चावली, हा रूळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच मार रेघ. सीधी मारजो, रजिस्टर खराब नाही दिसला पाहिजे." मी रेघ मारली. सरळ आली. बावीस वर्षांची होते.

माझ्या नावावर रेघ मारायची वेळ येईल तेव्हा हा रूळ त्या खोलीत नसावा, एवढंच.

७) खुर्ची. ही माझी मालमत्ता नाही, सरकारची आहे, तेव्हा ती मला कोणाला देता येत नाही आणि कोणापासून काढूनही घेता येत नाही. तरी सगळ्यांनी ती वाटून टाकली आहे, म्हणून तिचा उल्लेख करते.

दिवाळीच्या आधी तृप्ती माझा विसरलेला डबा द्यायला कार्यालयात आली होती. मी उठून कपाटाकडे गेले होते. भगवंतराव पेपर खाली ठेवून तिला म्हणाले, "ये बाप्पा. बसून पाह्य आईच्या खुर्चीवर. उद्या तुलेच बसायचं आहे." सगळे हसले. मीही हसले. तृप्ती बसली, टेबलावर कोपरं टेकली आणि समोरचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला.

डिसेंबरात माझी तपासणी झाली. रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने हिंदी टायपिंगचा क्लास लावला.

"टायपिंग कशाले?" मी विचारलं.

"असंच. सीपीसीटी काढून ठेवतो. असलेलं बरं."

बाबूच्या नोकरीला ही परीक्षा लागते. या हिवाळ्यात ती रामाकोन्याला गेली नाही. मामांनी दोनदा फोन केला. अंकुशना मी म्हटलं, पोरीला समजवा. ते हातातली मोटर खाली न ठेवता म्हणाले, "मी काय समजवू? लोकं पक्क्या नोकरीसाठी भोपाळपर्यंत चपला घासून राहिले. अन् तुले काही होऊन नाही राहिलं, तर आत्ताच कायले तो विषय?"

विषय आत्ताच आहे, कारण नंतर मी नसेन. मला कोणाचा राग आलेला नाही. बाबांचं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही अर्ज लिहायला बसले होते, आईने शाईची दौत जवळ सरकवली होती. त्या नोकरीने आईला सांभाळलं, भावाला शिकवलं, हे घर उभं केलं. मी तिला नावं ठेवू शकत नाही. मी फक्त थकले आहे. झोपल्याने जाणारा हा थकवा नाही.

८) या मृत्युपत्राची अंमलबजावणी अंकुश यांनी करावी. काही अडलं तर भांडू नये, आईला विचारावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा एकदा वाचला आणि दोन ठिकाणी शाई फुटली आहे, ती तशीच ठेवून खालील दोन शेजाऱ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. चहा झाला.

स्थळ : सौंसर, जिल्हा पांढुर्णा
दिनांक : ११ जानेवारी २०२६, रविवार

सही : अर्चना अंकुश सोमकुवर

साक्षीदार :
१. मोरेश्वर गोविंदराव घोरसे, राहणार सौंसर (सही)
२. गुलाब महादेव पाटील, राहणार सौंसर (सही)

तृप्ती, सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं वकील म्हणाले. म्हणून तुझ्यासाठीचं सहीच्या खाली लिहिते आहे. वर लिहिलं असतं तर तो हुकूम झाला असता, आणि तो मला करायचा नाही.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. परवा म्हणालीच होतीस, "आई, तू तर अशी बोलून राहिली जशी ती नोकरी म्हनजे जेल आहे." मी म्हटलं, जेलमध्ये पंख्यावरून भांडण होत नसेल. तू हसलीस आणि पुन्हा टायपिंगला बसलीस. तू म्हणशील, बाबांची मोटरची कामं कमी झाली, आजीची औषधं आहेत, नर्सरीला एक गारपीट पुरते. सगळं खरं आहे. मीही आजीला हेच सांगितलं होतं, आणि तिने मला अडवलं नव्हतं. तिने एकदा तरी अडवायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटतं. मी ऐकलं नसतं, तरी वाटतं.

म्हणून मी अडवते. मला काही झालं तर कार्यालयातले लोक तुझ्यासमोर अर्जाचा कागद ठेवतील, आणि तू सही करशील. तरी विचारते. माझ्या जागेसाठी अर्ज करू नकोस, बेटा. रामाकोन्याला जा.